टोकाचं खाचर

भात पिवळं पडायला लागलं की माझी चिडचिड सुरू होते. बाकीच्यांना या दिवसांत बरं वाटतं. बाबा सकाळी दोनदा बांधावर चक्कर मारून येतात, आई कोनाड्यातले विळे काढून पुसून ठेवते, आणि कोसबाडच्या टेकडीवरून खाली बघितलं तर सगळी खाचरं हळद लावल्यासारखी दिसतात. मी मात्र कारखान्यातल्या पहिल्या पाळीला निघाले आणि रस्त्यावर तो वास आला, दवाचा, पिकल्या भाताचा, वाळत आलेल्या चिखलाचा, की दमते. कामावर पोचायच्या आधीच दमते. पुढे आठ तास भट्ट्यांच्या सोबतीने काढायचे असतात ते वेगळंच.

यंदा हे जरा जास्तच होतंय. या उन्हाळ्यात रमणकाका गेले. रमणकाका म्हणजे आमच्या भागातले लोहार. आमच्या घरातला प्रत्येक विळा, कोयता, कुदळ त्यांच्या ऐरणीवरून आलेली. २०१९ची ही सुगी त्यांच्याशिवाय आलेली पहिली. आणि २०१६च्या सुगीत माझ्यामुळे त्यांच्या नावाला बट्टा लागला होता, तो मी त्यांच्या हयातीत पुसला नाही. लोक म्हणाले, काकांचे डोळे गेले, म्हणून विळे बिघडले. डोळे गेले नव्हते. मला ते माहीत होतं आणि मी तीन वर्षं गप्प बसले. आता ज्यांच्या नावावरचा बट्टा पुसायचा तेच राहिले नाहीत, आणि सांगून टाकूनही मला वाटलं होतं तेवढं हलकं वाटत नाही.

मी पोलाद तापवून थंड करायच्या धंद्यात आहे. तलासरीच्या पुढे, राज्याची हद्द ओलांडली की लागणाऱ्या वसाहतीत आमचा कारखाना आहे. ट्रॅक्टरचे दांडे आणि पिना आमच्याकडे येतात, भट्टीत जातात, तेलात बुडतात, पुन्हा तापतात. माझं काम लॅबमधलं. कापलेला तुकडा घासून घासून आरशासारखा करायचा, त्यावर पातळ आम्ल फिरवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मग पोलाद आतून दिसतं. बाहेरून एकसंध वाटणारी ती वस्तू आत दाण्यादाण्यांची असते. एकाला एक चिकटलेले दाणे आणि मधे बारीक रेघा. उन्हाळ्यात खाचर वाळून तडकतं ना, तसं. दाणा बारीक असला की पोलाद चिवट, घाव सोसणारं. दाणा मोठा झाला की ठिसूळ. आमच्याकडे दाण्याला नंबर देतात, आणि नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. हे नव्या माणसाला कितीही वेळा सांगितलं तरी तो उलटंच लिहितो. मी पूर्वी न चिडता समजावून सांगायची. हल्ली स्वतःच खोडून नीट करते.

पण हा दाणा मी कॉलेजात शिकले नाही. तो रमणकाकांकडे शिकले. त्यांची भट्टी आमच्या शाळेच्या वाटेवर, टेकडीच्या पायथ्याला होती. कुडाच्या भिंती, वर कौलं, आणि आत भरदुपारीही संध्याकाळ झाल्यासारखा अंधार. भिंती कोळशाच्या धुराने इतक्या काळ्या, की पाठ टेकली तर घरी बोलणी खावी लागत. काका बसून एका हाताने सांडशी धरायचे, दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीने ऐरणीवरच्या लोखंडावर टिचकी मारायचे, आणि जिथे टिचकी पडेल तिथे जमनाकाकी उभ्याने घण घालायची. काकी उंच, हाडापेराने दणकट, आणि तोंडाने अखंड चालू. घण वर जाताना कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सुरू व्हायची आणि घण खाली येताना थांबायची. काका त्यात एक अक्षर बोलायचे नाहीत.

बोलायचे ते फक्त रंगाबद्दल. ‘दिकरी, रंग बघ,’ म्हणायचे. डहाणूत अर्ध्या लोकांच्या बोलण्यात गुजराती मिसळलेली असते, मुलीला दिकरी म्हणतात. त्यांचे रंग आमच्याच रानातले होते. लोखंड तापू लागलं की आधी करवंद, मग लाल मिरची, मग पळस. पळसावर घाव घालायला घ्यायचे, मिरचीवर हात आखडायचा, करवंद झालं की हातोडा खाली ठेवायचा. आणि विळ्याला पाणी पाजायचं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करायचं, ते मिरचीवरच. पळसावर कधीच नाही. मी विचारलं, का? तेव्हा त्यांनी दोन मोडके तुकडे माझ्या हातावर ठेवले. एक जिथे मोडला होता तिथे राखाडी, मऊसर दिसत होता. दुसरा चमचम करत होता. मला अर्थातच चमकणारा आवडला.

‘हा रवा,’ काका पहिल्याला बोट लावून म्हणाले. ‘आणि ही खडीसाखर. खडीसाखर खायला गोड. इळा रव्याचा करायचा.’

पुढे पुस्तकांत मी हेच वाचलं, फक्त फार शब्दांत. तापलेल्या पोलादावर घाव पडतो तेव्हा आतले दाणे चेपले जातात, मोडतात, आणि त्या मोडण्यातूनच नवे, बारीक दाणे उगवतात. घाव थांबले आणि आच मात्र चालू राहिली, तर हेच दाणे वाढत जातात. मोठा लहानाला गिळतो. बाहेरून काही कळत नाही. विळा तसाच दिसतो, तोच बाक, तीच धार. मला हे वाचताना हॉस्टेलच्या खोलीत एकदम घरचा कोळशाचा वास आला होता, आणि मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

२०१६च्या पावसाळ्यात काकांच्या भट्टीवर फणसाची फांदी पडली. कौलं फुटली, पाणी थेट आगटीत. गणपतीच्या सुट्टीत मी बघायला गेले तर काका गोणपाट बांधून काम करत होते. जमनाकाकीने मला बाजूला घेतलं. ‘त्यांना आता नीट दिसत नाय गं. विळ्याचे दाते पाडताना डोळ्यांतून पाणी येतं. अंधार किती आत, बघ तूच.’

मला हे ऐकून बरं वाटलं, असं आज कबूल करते. आयुष्यभर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना काहीतरी द्यायची संधी आली होती. आमच्या कारखान्यात तेव्हा शेडचं काम चाललं होतं आणि छपरात घालायचे फायबरचे पारदर्शक पत्रे दोन-चार उरले होते. मी साहेबांना विचारून दोन मागून घेतले, टेम्पोत घालून आणले आणि उभी राहून आगटीच्या बरोबर वर बसवून घेतले. ऊन आत आलं. इतक्या वर्षांचा धूर भिंतीवर उघडा पडला, हवेत कोळशाची धूळ चमकताना दिसू लागली. काका बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, ‘दिकरी, हे तर देवळासारखं झालं.’

मी घरी जाताना रस्ताभर स्वतःवर खूश होते.

सुगीचे विळे भादव्यात होतात. हायवेवर, विवळवेढ्याच्या पुढे जी गॅरेजं आहेत तिथून काका ट्रकच्या कमानीचे मोडके पाटे आणायचे. चांगलं पोलाद. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला ते कोयते मांडून बसायचे, तेही याच पाट्यांचे. त्या भादव्यात त्यांनी नेहमीसारखेच पाट्याचे विळे केले, पाड्यापाड्यांवरच्या बायका नेहमीसारख्या येऊन घेऊन गेल्या. हळवं भात आधी तयार होतं, त्याच्या कापणीला लोक लागले. आणि कापणीच्या तिसऱ्या दिवशी आमच्याच खाचरात नवशीचा विळा मोडला.

नवशी टेकडीखालच्या पाड्यावरची. माझ्याच वयाची, चौथीपर्यंत माझ्याच वर्गात. मग मी बसने पुढच्या शाळेत गेले आणि ती आमच्या शेतावर कापणीला यायला लागली. दहा-बारा बायकांची टोळी तिच्या शब्दावर चालते. मी पाळी संपवून आले ती थेट बांधावर, पायात कारखान्याचे लोखंडी टोकाचे बूट तसेच. बघते तर काम थांबलेलं. सगळ्या जणी ओणव्या होऊन चिखल चाचपत होत्या.

‘बांधाचा धोंडा लागला,’ नवशी म्हणाली. तिच्या हातात मूठ आणि निम्मा विळा. ‘जरासाच लागला गं. काकाचा इळा धोंड्याला लागला तं दाता जातो, वाकतो. मोडत नाय कधी. टोक उडालं नि गेलं कुठं, देव जाणे.’

चार बोटं लांबीचं ते टोक उभ्या भातात पडलं होतं. भात कापायला कुणी पायात काही घालत नाही. ओल्या खाचरात चप्पल अडकते, आणि पायाला जमीन कळली नाही तर हात नीट चालत नाही, असं म्हणतात. म्हणजे दहा-बारा जणींचे वीस-चोवीस अनवाणी पाय आणि चिखलात कुठेतरी धारदार पोलाद. मी बूट घालून बांधावर उभी. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधलं मोठं चुंबक दोरीला बांधून आणलं आणि तो कोपरा इंचाइंचाने फिरवून काढला. एक खिळा मिळाला, सायकलची तार मिळाली, बाटलीची दोन झाकणं मिळाली. टोक मिळालं नाही. शेवटी तो कोपरा बाबांनी तसाच सोडून द्यायला सांगितला. पाखरांनी खाल्लं ते भात.

मोडका विळा मी हातात घेऊन बघितला. मोडलेल्या जागी ऊन पडलं आणि ती चमचमली.

इकडे एक रीत आहे. लोहाराचं हत्यार मोडलं तर कुणी भांडायला जात नाही. मोडकं हत्यार भट्टीच्या दारातल्या दगडावर आणून ठेवायचं आणि बोलल्याशिवाय परत फिरायचं. लोहाराने ते उचललं म्हणजे चूक पदरात घेतली, पुढचं तो बघेल. वर्षाकाठी एखादं हत्यार त्या दगडावर येत असेल नसेल. त्या आठवड्यात सात विळे आले. रोज सकाळी काका भट्टी उघडायला जात आणि दगडावर एखादा नवा मोडका विळा पडलेला असे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, जमनाकाकी म्हणाली.

मी नवशीच्या विळ्याचा तुकडा लॅबमध्ये नेला. घासला, आम्ल फिरवलं, भिंगाखाली धरला. आमच्याकडे असा दांडा आला असता तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता. एकेक दाणा एवढा मोठा, की दोन-चार दाण्यांतच भिंगाखालचं सगळं वर्तुळ भरून जात होतं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळी काकांसमोर धरला.

‘हे काय, वाळलेलं खाचर?’

‘तुमचा विळा आहे, काका. आतून. फार तापवलंत तुम्ही. पळसाच्याही पुढे नेलंत.’

‘मिरचीवर पाणी पाजलं मी. नेहमीसारखं.’

‘मिरची नव्हती ती. तुम्हाला मिरची दिसली.’ आणि मग, समजूतदारपणाचा आव आणून, मी ते म्हटलं. ‘डोळ्यांचं वय होतं, काका. तुमची चूक नाही.’

त्यांनी फोटोकडे पुन्हा बघितलं नाही. सांडशी खुंटीला लावली, आगटीतले निखारे उचकटून पसरले आणि त्यांवर पाणी ओतलं. ऐन सुगीत भट्टी विझवणारा लोहार मी त्याआधी बघितला नव्हता. दसऱ्याला हत्यारांना हळदकुंकू लागलं ते थंड ऐरणीवर. लोक आले, झेंडूची फुलं ठेवून गेले. डोळ्यांची गोष्ट तोवर पाड्यापाड्यांवर पोचली होती. ती मीच बोलले होते, एकदा भट्टीत आणि एकदा, विचारलं म्हणून, डहाणूच्या बाजारात.

आता हे सगळं आठवते तेव्हा मला माझाच कंटाळा येतो. शिकलेल्या माणसाला काहीतरी सांगून टाकायची घाई असते. कारण सापडलं की झालं. त्या कारणामागे आणखी एखादं कारण असेल का, हे बघायचे कष्ट तो फक्त पगार मिळतो तिथे घेतो. कारखान्यात असा लॉट आला असता तर मी आधी भट्टीचं तापमापक तपासलं असतं. माणसाचे डोळे शेवटी.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी तेच चुंबक घेऊन काकांकडे गेले. डोळ्यांना आधार म्हणून. पोलाद मिरचीच्या रंगाला पोचतं तेव्हा त्याला चुंबक चिकटत नाही, एवढी साधी खूण. तारेला चुंबक टांगायचं, तापलेलं लोखंड जवळ न्यायचं, ओढलं नाही की झालं. रंग बघायची गरजच नाही. काका नाही म्हणाले. जमनाकाकीने कोळसा पेटवला आणि हाताने फिरवायचा पंखा घेऊन बसली. मग त्यांनाही बसावं लागलं.

दुपार होती, ऊन बरोबर आगटीवर. काकांनी एक विळा निखाऱ्यांत खुपसला, काढला, बघितला. ‘करवंद. अजून येऊ दे.’

मी चुंबक जवळ नेलं. ते हललंही नाही. पुन्हा नेलं. नाही.

‘काका, हा झालाय. कधीच झालाय.’

‘मला करवंद दिसतंय.’

मी वाकून बघितलं. मलाही करवंदच दिसत होतं. बत्तीस वर्षांचे माझे डोळे, रोज भिंगातून दाणे मोजणारे, आणि मला तो विळा काळपट लाल दिसत होता.

जमनाकाकीच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. तिने वैतागून बाजूचं गोणपाट उचललं आणि डोक्यावर छत्रीसारखं धरलं. सावली आगटीवर पडली आणि सांडशीतला विळा एकदम केशरी झाला.

‘अगं बाय,’ ती म्हणाली, ‘हा तं पळस!’

तिने गोणपाट काढलं. करवंद. धरलं. पळस. पुन्हा काढलं, पुन्हा धरलं, एखाद्या पोरीसारखी. तिसऱ्या वेळी तिचा हात थांबला. तिघांनीही वर बघितलं. वर माझा पत्रा होता.

इतकं सोपं होतं ते. उजेडात निखारा फिका दिसतो हे चूल पेटवणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. कोळशाच्या भट्ट्या काळ्याकुट्ट अंधारात असतात त्या गरिबीमुळे नव्हे, लोखंडाचा खरा रंग दिसावा म्हणून. काकांचे डोळे चाळीस वर्षं त्या अंधाराला सरावलेले. मी तो अंधार काढून घेतला. मिरची दिसेपर्यंत ते तापवत राहिले आणि तेवढ्या वेळात आत दाणे फुगत गेले.

काका हळूच म्हणाले, ‘म्हणजे डोळे हायत.’ आणि त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांचा चेहरा बघून मला रडू कोसळलं. मी तिथेच कोळशात बसले. ते मला रागावले असते तर मला चाललं असतं.

‘बस, बस. झालं ते झालं. विळे मेले नायत अजून.’

आणि ते खरंच होतं. करपलेलं पोलाद गेलं ते गेलं, पण नुसतं जास्त तापलेलं पोलाद परत येतं. त्याला पुन्हा मिरचीपर्यंत न्यायचं, जेमतेम तेवढंच. त्या टप्प्यावर आतले जुने, माजलेले दाणे मोडतात आणि त्यांच्या सांध्यासांध्यांतून नवे बारीक दाणे फुटतात. लगेच बाहेर काढायचं आणि निवांत हवेत ठेवून द्यायचं. पाणी नाही, हातोडा नाही, वारा नाही. निवलं की पुन्हा तेच. दुसऱ्यांदा आणखी बारीक, तिसऱ्यांदा आणखी. मग कुठे पाणी पाजायचं, धार धरायची. जमनाकाकी पाड्यापाड्यांवर फिरून उरलेले सगळे विळे गोळा करून आली. मी दुसऱ्या दिवशी पाळीवरून परतताना पोचले तर पत्र्यावर पेंढ्याचे भारे रचून झाले होते आणि आत जुना अंधार होता. काका एकेक विळा तीनदा तापवून राखेशेजारच्या फळीवर ओळीने मांडत होते. ‘ह्यांना आता कुणी हात लावू नका,’ एवढंच म्हणत होते.

ती ओळ मला अजून दिसते. कारखान्यात एखाद्या दिवशी तिसरा लॉट नापास होतो, फोन वाजत राहतो, साहेबांना आकडा हवा असतो. गेल्या हिवाळ्यापासून इकडे जमीनही हलायला लागली आहे, भांडी खणखणली की माणसं दाराबाहेर धावतात आणि मग हसत आत येतात. अशा वेळी वाटतं, आपल्यालाही कुणीतरी वेळेवर बाहेर काढून त्या फळीवर ठेवायला हवं होतं. तीस वर्षांपर्यंत मी घावांनी बारीक होत गेले असेन. त्यानंतर नुसती आचेवर राहिले. दिसते तशीच.

त्या दिवशी मी निघताना काकांनी मला दारात थांबवलं. ‘पत्र्याचं कुणाला बोलू नको.’

‘का? लोक तुम्हाला आंधळे म्हणतायत.’

‘म्हणू दे. डोळे म्हातारे होतातच, त्यात लाज नाय. पण हीच माणसं तुझ्या बापाच्या खाचरात उतरतात. टोक तिथं पडलंय. तुझं नाव कशाला त्यात?’

मी नको म्हणायला हवं होतं. मी मान हलवली. त्या मान हलवण्यात किती सुटका होती ते मला त्याच क्षणी कळलं होतं, म्हणून तर ते विसरता येत नाही. पुढच्या वर्षी भट्टीवर विळे न्यायला कमी बायका आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. डहाणूच्या बाजारात पातळ पत्र्याचे, रंगीत मुठींचे विळे मिळायला लागले होते. काका आपले बसून असायचे. मी गेले की रंगांबद्दल बोलायचे, पत्र्याबद्दल कधीच नाही. आमच्या त्या तुकड्याला लोक तोवर ‘टोकाचं खाचर’ म्हणायला लागले होते. दर सुगीला मी बांधावर येऊन उभी राहायची, चपला घालून, आणि नवशीला दोन शब्द विचारून परत फिरायची. एकदाही आत उतरले नाही.

या उन्हाळ्यात काका ताप येऊन गेले. जमनाकाकी लेकीकडे वापीला राहायला गेली. भट्टीला कुलूप आहे, आणि दारातला दगड रिकामा.

परवाच्या रविवारी मी ठरवून गेले. टोकाच्या खाचरात कापणी चालली होती. नवशी ओळीच्या टोकाला होती. मी बांधावरून तिच्याबरोबर चालत राहिले, कारण ती थांबायला तयार नव्हती.

‘नवशी, काकांचे डोळे चांगले होते.’

‘हां.’ हात चालूच.

‘त्या वर्षी विळे मोडले ते माझ्यामुळे. भट्टीवरचा पत्रा मी आणला होता. उजेडात लोखंडाचा रंग फिका दिसतो. म्हणून ते जास्त तापवत गेले.’

तिने मूठभर भात खाली ठेवलं, त्याच भाताच्या काड्या वळून जुडी बांधली आणि कंबर सरळ केली. ‘ठाव हाय.’

‘कुणी सांगितलं?’

‘सांगाया कशाला पायजे? पत्र्यावर पेंढा कुनी टाकला? काका चढला व्हता का वर, त्या वयात? काकीनं मला बोलावलं, मी नि माझी बहीन चढलो. उतरलो तं काका बोलला, दिकरीला काय विचारू नका. दमते ती कंपनीत. तिला बोलायचं असंल तवा येईल.’

तीन वर्षं मी एक गोष्ट छातीशी धरून बसले होते आणि ती पाड्यावर सगळ्यांना माहीत होती.

‘मग बाजारचे विळे का घ्यायला लागल्या बायका?’

‘हलके असतात म्हनून. हात दुखत नाय.’ तिला हसू आलं. ‘तुला काय वाटलं, सगळं तुझ्याच पत्र्यानं झालं?’ मग ती हसायची थांबली. ‘आमी बघत व्हतो, ताय. तीन सुग्या. तू येते, बांधावर उभी ऱ्हाते, नि जाते. काका पन विचारायचा, आली व्हती का, बोलली का? मी बोलायची, नाय.’

म्हणजे ते वाट बघत होते. कुणाला बोलू नको म्हणाले, आणि वाट बघत होते.

नवशीने तिचा विळा माझ्यासमोर धरला. त्याच वर्षीचा, फळीवरच्या ओळीतला. धार लावून लावून पातं बोटभर रुंद राहिलं होतं. त्याचा एकही दाता गेला नव्हता. मी अंगठ्याने पातं चाचपलं आणि तिला परत द्यायला गेले, तर तिने घेतला नाही. बांधाच्या कोपऱ्याकडे हनुवटीने खूण केली. टोक हरवलं होतं तिथलं एवढंसं भात उभं होतं. दर वर्षी तेवढं शेवटी, सावकाश कापतात.

‘तो कोपरा ऱ्हायला हाय,’ ती म्हणाली, आणि मजेत बांधावर बसली.

मी माझ्या चपलांकडे बघितलं. मग त्या काढून बांधावर ठेवल्या आणि खाली उतरले. चिखल अजून ओला होता. मी एकेक पाऊल बोटांनी चाचपत टाकत होते.